पटाच्या पलीकडे कोण?

सावेडीतील गुलमोहर रस्त्याने सायंकाळी फिरावयास निघालो की, ज्यांची मुले बुद्धिबळ शिकत आहेत असे दोन-तीन गृहस्थ मला वाटेत थांबवितात आणि, या मनुष्याने या खेळात उभा जन्म घालविला आहे एवढ्याच आधारावर, एक प्रश्न हटकून विचारतात : खिशातल्या मोबाइलमधला प्रोग्राम जर जगज्जेत्यालाही हरवीत असेल, तर आमच्या पोराने पहाटे उठून हत्ती-प्याद्यांचे अंत्यडाव घोकण्यात हशील काय? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. याच शहरातील शार्दूल गागरे यांनी २०१६ साली ग्रँडमास्टर हा किताब मिळविला, तेव्हापासून नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, पालकांना तो किताब आपल्या उंबरठ्याच्या आवाक्यातला वाटू लागला. आणि नेमक्या त्याच काळात खेळाचे बस्तान लाकडी पटावरून उठून मोबाइलच्या काचेवर जाऊन बसले. म्हणून संगणक आणि ग्रँडमास्टर यांच्या झुंजीचा, विशेषतः ऑनलाइन झुंजीचा, जो हिशेब गेल्या तीसहून अधिक वर्षांत साचला आहे, तो दप्तर उघडून एकवार तपासावा असे मनात आले.

बळाच्या प्रश्नाचा निकाल लागून गेला आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. १९८८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील लाँग बीच येथे ‘डीप थॉट’ या यंत्राने डेन्मार्कच्या बेंट लार्सन यांचा पराभव केला, तेव्हा ग्रँडमास्टर स्पर्धेतल्या नियमित डावात यंत्रापुढे पडू शकतो हे प्रथम दिसले. पुढच्याच वर्षी तेव्हाचे जगज्जेते कास्पारोव्ह यांनी त्याच यंत्राला दोन्ही डावांत नमविले, म्हणून जगाने ती गोष्ट फारशी मनावर घेतली नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत कास्पारोव्ह यांनी ‘डीप ब्लू’ला ४-२ असे हरविले आणि १९९७ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्क येथे, सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या त्याच यंत्राच्या सुधारित अवताराकडून ते ३॥-२॥ असे हरले. वर्तमानपत्रांनी त्या पराभवाचा डंका पिटला, तो योग्यच होता. परंतु आजच्या ऑनलाइन खेळाच्या दृष्टीने पाहिले, तर मला त्याहून अधिक बोलकी वाटते ती त्यानंतर वर्षभराने इटलीतील इस्किया बेटावर झालेली, आपल्याकडे जवळजवळ विसरली गेलेली एक लढत.

जुलै १९९८ मध्ये तेथे विश्वनाथन आनंद ‘रेबेल’ या प्रोग्रामशी आठ डाव खेळले. रेबेल कोणत्याही कपाटाएवढ्या महायंत्रावर नव्हे, तर साध्या मेजावरच्या संगणकावर चालत होता. पाच-पाच मिनिटांच्या चार डावांत रेबेलने ३-१ अशी सरशी केली. पंधरा मिनिटांच्या दोन डावांत १॥-॥ असा त्याचाच वरचष्मा राहिला. आणि ज्या दोन डावांना पूर्ण मुदत दिली होती, त्यांत मात्र आनंद यांनी १॥-॥ असा विजय मिळविला. एकूण बेरीज ५-३, यंत्राच्या बाजूने. खेळाडू तोच, प्रोग्राम तोच, बेटही तेच. बदलले ते फक्त घड्याळ, आणि घड्याळाबरोबर निकालही उलटला. मनुष्याला विचार करावयास जितकी कमी मुदत द्यावी, तितका यंत्राचा वरचष्मा वाढतो, हा त्या बेटावरचा दाखला ध्यानात ठेवला म्हणजे ऑनलाइन खेळात ग्रँडमास्टरांची अशी दाणादाण का उडते ते निराळे सांगावे लागत नाही. कारण ऑनलाइन जगात तीन आणि पाच मिनिटांचे डाव हाच शिरस्ता आहे, आणि पूर्ण मुदतीचा डाव अपवाद.

त्यानंतरची काही वर्षे समसमानतेची गेली. २००२ मध्ये बहारीनला क्रामनिक आणि ‘डीप फ्रिट्झ’ यांची ४-४ अशी बरोबरी झाली. २००३ मध्ये कास्पारोव्ह आणि ‘डीप ज्युनियर’ ३-३ वर थांबले. मग उतार लागला आणि तो थांबलाच नाही. २००५ मध्ये लंडनला ‘हायड्रा’ने मायकेल अॅडम्स यांना सहा डावांत केवळ अर्धा गुण घेऊ दिला. २००६ च्या अखेरीस बॉन येथे तेव्हाचे जगज्जेते क्रामनिक यांना, दुसऱ्या डावात, पुढच्याच चालीत होणारी आपल्यावरची मात दिसली नाही आणि सामना ४-२ असा गेला. २००९ मध्ये ब्यूनस आयर्स येथील एका स्पर्धेत हातात मावणाऱ्या फोनवरचा ‘पॉकेट फ्रिट्झ’ दहा डावांत साडेनऊ गुण घेऊन पहिला आला, आणि जगज्जेत्याने यंत्राशी बरोबरीच्या नात्याने सामना खेळण्याची पद्धतच बंद पडली. मॅग्नस कार्लसन यांनी २०१४ मध्ये गाठलेले २८८२ हे मानांकन मानवी खेळातले आजवरचे सर्वोच्च होय; आजचे प्रोग्राम आपापल्या यादीत साडेतीन हजारांच्या पुढे आहेत. दोन्ही याद्यांचे माप एकच नाही, हे खरे, परंतु माप सारखे केले तरी अंतर मिटणारे नाही.

ऑनलाइन खेळाची कथा या इतिहासाला समांतर चालली, आणि तिचा रंग थोडा वेगळा आहे. १९९५ मध्ये इंटरनेट चेस क्लब नावारूपास आला, तेव्हाच तेथे असा दंडक होता की प्रोग्रामने खेळावयाचे असल्यास त्याच्या नावापुढे तो प्रोग्राम असल्याची खूण असली पाहिजे. पुढे लिचेस या मुक्त संकेतस्थळाने २०१८ मध्ये प्रोग्रामांसाठी निराळी खाती काढली, तीही अशीच पाटी लावून. म्हणजे खुल्या मैदानात, आपले नाव सांगून उतरलेला हा गनीम आहे. त्याच्याशी खेळण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि ग्रँडमास्टर त्याच्याशी मनसोक्त खेळले. हरले बहुधा, पण क्वचित असे जिंकले की त्या डावांची आठवण ठेवावी.

अमेरिकेचे हिकारू नाकामुरा यांनी २००८ मध्ये याच क्लबवर तीन मिनिटांच्या डावात ‘रिब्का’ला हरविले, तो डाव अडीचशेहून अधिक चालींचा आहे, आणि मी तो पटावर मांडून कितीदा पाहिला असेल याची गणती नाही. रिब्का त्या वेळी जगातला सर्वांत बलाढ्य प्रोग्राम होता. नाकामुरांनी प्याद्यांची अशी अभेद्य भिंत उभारली की दोन्ही बाजूंना आत शिरावयास वाटच उरली नाही. शिवाय आपली मोहरी प्रोग्रामकडे अधिक जाऊ दिली, जेणेकरून तो आपणच वरचढ आहोत अशा समजुतीत राहावा. मग ते नुसतेच मागे-पुढे मोहरी हलवीत बसले. बुद्धिबळात पन्नास चालींत एकही प्यादे हलले नाही आणि एकही मोहरा मारला गेला नाही, तर डाव बरोबरीत सुटतो, असा नियम आहे. वरचढ असलेल्याने बरोबरी का पत्करावी, असा हिशेब करून रिब्काने, त्या पन्नास चाली भरत आल्या तेव्हा, बरोबरी टाळण्यासाठी आपली भिंत आपणच फोडली, आणि त्या भगदाडातून नाकामुरा आत शिरले. यंत्राला एकेका चालीचे मोल कळत होते. परंतु ‘येथे काहीही होणार नाही’ हे जे कोणत्याही कसलेल्या खेळाडूला एका दृष्टिक्षेपात उमगते, ते त्याला उमगत नव्हते. मोजण्याच्या पलीकडे जे आकलन आहे त्याचा तो विजय होता.

ती फट पुढे बुजली. २०१७ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या ‘अल्फाझीरो’ने, स्वतःशीच खेळून शिकलेल्या त्या प्रोग्रामने, ‘स्टॉकफिश’शी शंभर डाव खेळून २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडविले आणि एकही गमावला नाही, त्याच वाटेने ‘लीला’ आली, आणि २०२० मध्ये खुद्द स्टॉकफिशनेही स्थितीचे मूल्य ठरविण्यासाठी कृत्रिम मज्जाजालाचा अवलंब केला. बंद स्थितीतले मौन आता यंत्रालाही बऱ्याच अंशी वाचता येते.

तेव्हा आजचा ग्रँडमास्टर यंत्रापुढे उभा कसा राहतो? याचे उत्तर आपल्या जुन्या देशी खेळात आहे. वाड्यावाड्यांतून जेव्हा प्यादेमात ही सर्वांत मानाची आणि बुर्जी, म्हणजे समोरच्याकडे एकटा राजा उरून सुटलेला डाव, ही लाजिरवाणी गणली जात होती, तेव्हा कसलेला खेळाडू नवशिक्याशी बसताना आपला घोडा किंवा हत्ती पटावरून आधीच काढून ठेवीत असे, म्हणजे डावाला रंग येई. तीच रीत आज यंत्राने पत्करली आहे, फरक इतकाच की आता मोहरा काढून बसणारे यंत्र आहे आणि समोर ग्रँडमास्टर. २०१६ च्या जानेवारीत ‘कोमोडो’ने नाकामुरांना एखादे प्यादे वा तत्सम सवलत देऊन चार डाव ऑनलाइन खेळविले, पहिले तीन बरोबरीत सुटले आणि चौथा कोमोडोने जिंकून लढत २॥-१॥ अशी घेतली. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे ग्रँडमास्टर डेव्हिड स्मर्डन यांना कोमोडोने अख्खा घोडा देऊ केला. स्मर्डन यांनी डाव गुंतागुंतीचा होऊ न देता, मोहऱ्यांची संधी मिळेल तेथे अदलाबदल करीत, सहा डावांत ५-१ असा विजय मिळविला. येथे माणूस आणि यंत्र यांच्यातले अंतर एका घोड्याएवढे असल्याची कबुली मिळाली, असे पुष्कळांना वाटले. परंतु त्यानंतर घोडा देऊन खेळण्यासाठीच खास तालीम दिलेली लीला लिचेसवर आली, आणि जलद डावांत ती घोडा नसतानाही ग्रँडमास्टरांना वारंवार हरवू लागली. कारण समोरचा मनुष्य आहे, तो थकतो, घाबरतो, घड्याळाकडे पाहतो, हे गृहीत धरून डाव गुंतविण्याचे शिक्षण तिला मिळाले आहे. इस्कियाचा दाखला येथेही लागू पडतो : घड्याळ मोठे केले की घोड्याची किंमत पुन्हा दिसू लागते.

२०२३ च्या जानेवारीत चेस डॉट कॉम या संकेतस्थळाने ‘मिटन्स’ नावाच्या, मांजरीचे गोजिरवाणे चित्र लावलेल्या प्रोग्रामला मैदानात उतरविले, त्याचे मानांकन मुद्दाम १ असे लिहिले, आणि लक्षावधी लोक त्या मांजरीकडून हरून घेण्यासाठी रांगा लावू लागले. नाकामुरांनी तिच्याशी १६६ चालींनंतर बरोबरी साधली. या प्रसंगाचा उल्लेख एवढ्यासाठी केला की, यंत्र आपले नाव सांगून येते तेव्हा त्याच्याकडून हरण्याचे दुःख कोणालाही होत नाही.

दुःख होते ते दुसऱ्या प्रकारच्या यंत्राने, आणि मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते येथून पुढे आहे. पाटी न लावता, माणसाच्या नावाखाली, माणसाचा मुखवटा चढवून जो प्रोग्राम ग्रँडमास्टरापुढे बसतो, त्याच्यामुळे ऑनलाइन खेळाचा पायाच पोखरला जातो; कारण समोरासमोर बसलेल्या दोघांत जो अबोल करार असतो, की तूही जाणत नाहीस आणि मीही जाणत नाही, आणि या अज्ञानात आपण दोघे एकमेकांना आजमावणार आहोत, तो करारच तो लपून मोडतो.

आपल्या देशातले याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १३ जून २०२१ चे आहे. महासाथीत अन्नदान करणाऱ्या अक्षय पात्र या संस्थेच्या मदतीसाठी आनंद यांनी काही प्रतिष्ठित व्यक्तींशी ऑनलाइन डाव खेळले, आणि त्यांपैकी उद्योजक निखिल कामथ यांनी पाच वेळच्या जगज्जेत्याला चक्क हरविले. ज्याला खेळाचा थोडाही गंध आहे त्याला त्या चाली पाहताच शंका आली. दुसऱ्या दिवशी कामथ यांनी जाहीर कबुली दिली की डावाचे विश्लेषण करणाऱ्या माणसांची आणि संगणकाची मदत आपण घेतली होती, आणि क्षमाही मागितली. चेस डॉट कॉमने त्यांचे खाते बंद केले व नंतर पुन्हा उघडले. आनंद यांनी, आपण पटावर जी स्थिती आली ती खेळलो आणि सर्वांकडून तीच अपेक्षा होती, अशा आशयाचे दोन शब्द लिहून विषय संपविला. फिर्याद न करणे हा आनंद यांचा स्वभाव, आणि तो थोर आहे. पण त्या वेळी ‘दानधर्माचाच तर डाव होता, त्यात एवढे काय’ असे जे सुशिक्षित मंडळींनी म्हटले, ते मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. त्या डावाला मानांकन नव्हते हे खरे. परंतु हजारो मुले तो डाव पाहत होती, आणि जगज्जेत्याला हरविण्याचा मार्ग कोणता, याचा वस्तुपाठ त्यांच्यापुढे मांडला गेला.

लपलेला प्रोग्राम केवळ हौशी माणसांच्या पदराआड असतो, असेही नाही. २०२० मध्ये प्रो चेस लीग या ऑनलाइन सांघिक स्पर्धेच्या अंतिम लढतीनंतर आर्मेनियाच्या संघातील ग्रँडमास्टर तिग्रान पेत्रोस्यान (हे त्या नावाचे माजी जगज्जेते नव्हेत) यांना आयोजकांनी अपात्र ठरविले आणि विजेतेपद सेंट लुईसच्या संघाला दिले. पेत्रोस्यान यांनी आरोप नाकारला. २०२२ च्या सप्टेंबरात कार्लसन हान्स नीमन यांच्याकडून सेंट लुईस येथे हरून स्पर्धेतून बाहेर पडले, आणि काही दिवसांनी एका ऑनलाइन स्पर्धेत त्यांच्याविरुद्ध एकच चाल करून डाव सोडून उठले. नीमन यांनी बाराव्या आणि सोळाव्या वर्षी ऑनलाइन डावांत यंत्राची मदत घेतल्याचे स्वतःच मान्य केले. चेस डॉट कॉमच्या ७२ पानी अहवालात शंभराहून अधिक ऑनलाइन डाव संशयित ठरविले गेले. समोरासमोरच्या खेळात त्यांनी लबाडी केल्याचा पुरावा मात्र पुढे आला नाही. नीमन कोर्टात गेले, आणि २०२३ मध्ये तडजोड होऊन तो वाद मिटला. एका निरोगी, प्रतिभावान मुलाच्या नावावर हा डाग पडला तो अशा कोवळ्या वयात केलेल्या कृत्यांमुळे, ही गोष्ट मला इतर सर्व गाजावाजापेक्षा अधिक बोचते.

या लबाडीचा तपास कसा लावतात, हेही सांगितले पाहिजे. खेळाडूची प्रत्येक चाल आणि प्रोग्रामची पसंतीची चाल यांतले अंतर प्याद्याच्या शंभराव्या अंशात मोजतात. त्या खेळाडूच्या मानांकनाचा मनुष्य इतका अचूक खेळण्याचा संभव किती, याचे गणित मांडतात, आणि अमेरिकेतील बफेलो येथील प्राध्यापक केनेथ रीगन यांचे नाव या शास्त्रात अग्रगण्य आहे. सोप्या आणि अवघड चालींना सारखाच वेळ लागतो आहे काय, हेही पाहतात. मोठ्या स्पर्धांत खेळाडूच्या बाजूला दुसरा कॅमेरा लावून खोली आणि पडदा दोन्ही नजरेखाली ठेवतात. सामान्य खेळाडूची चोरी या जाळ्यात सहसा सापडते. ग्रँडमास्टराची सापडणे कठीण, कारण त्याला चालीमागून चाल नको असते. सबंध डावात एकदाच ‘येथे काहीतरी आहे’ एवढा इशारा मिळाला तरी उरलेले तो स्वतःच्या बळावर शोधून काढतो, आणि एका इशाऱ्याचे गणित कोणत्याही शास्त्राला मांडता येत नाही.

शेजारच्या एका बारा वर्षांच्या मुलाने गेल्या उन्हाळ्यात मोबाइलवर ओळीने नऊ डाव जिंकल्याचे मला आनंदाने दाखविले. मी ते डाव पाहिले. उघड दिसणारा वजीर मारावयासही त्याला सात सेकंद लागले होते, आणि तीन चाली खोल असलेला हत्तीचा बळी द्यावयासही सातच. मी त्याला काही बोललो नाही. पट मांडला आणि त्यातलाच एक डाव माझ्याशी खेळून दाखव म्हटले. आठव्या चालीला त्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो मुलगा वाईट नाही. त्याच्या वडिलांनी रोज रात्री जेवताना त्याला एकच प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली होती : आज मानांकन किती?

ऑनलाइन पटावर ग्रँडमास्टराला यंत्राने आणखी एका तऱ्हेने हरविले, त्याची नोंद केल्यावाचून हा आढावा पुरा होणार नाही. ३० ऑगस्ट २०२० रोजी पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडची अंतिम फेरी भारत आणि रशिया यांच्यात झाली. संघनायक होते नाशिकचे विदित गुजराथी, आणि संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, जिने पुढे २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताबही मिळविला. पहिली लढत ३-३ अशी सुटली. दुसरीत निहाल सरीन आणि दिव्या यांचा संपर्क मध्येच तुटला आणि घड्याळ त्यांच्या नावावर धावत राहिले. त्या दिवशी जगभर इंटरनेट सेवेत बिघाड झाला होता. भारताने दाद मागितली, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे, अध्यक्ष आर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. निर्णय न्याय्य होता, असे माझे मत आहे; परंतु सावेडीत पावसाळ्यात वीज गेली आणि घरातल्या राउटरचे दिवे विझले, तर आपल्या मुलाला असा निर्णय देणारा कोणी अध्यक्ष बसलेला नसतो.

तेव्हा ज्या गृहस्थांनी मला वाटेत थांबविले त्यांना माझे उत्तर असे आहे. प्रोग्राम तुमच्या मुलाला हरवील, गागरे यांना हरवील, कार्लसन यांनाही हरवील. त्याची चिंता सोडा, आणि डाव संपल्यावर आपण चुकलो कोठे हे विचारण्यासाठी त्याचा खुशाल उपयोग करा, कारण आजचे सर्व ग्रँडमास्टर तसाच करतात. मात्र मुलगा ऑनलाइन स्पर्धेला बसेल तेव्हा त्याला आतल्या खोलीत दार लावून बसू देऊ नका, बाहेरच्या खोलीत सर्वांच्या देखत बसवा; मानांकनाचा आकडा जेवणाच्या ताटावर विचारू नका; आणि आठवड्यातून एक तरी सायंकाळ त्याला अशा माणसासमोर बसवा, ज्याचा चेहरा त्याला दिसतो. कोणी नसेल, तर माझ्या ओट्यावर रविवारी पाच वाजल्यापासून पट मांडलेला असतो. मुलाला घेऊन या.